बागेत बसायचे किती?

महापालिकेच्या बागेत एखाद्या नामांकित साखळी कंपनीचं कॉफीचं दुकान आलं, तर बिघडलं कुठे? स्वच्छ कप, गणवेशातली मुलं, छापील दरपत्रक, मोबाइलवरून पैसे. टपरीवरच्या कळकट ग्लासापेक्षा हे बरं नाही का?

कपाचं म्हणाल तर बरं आहे. बागेचं म्हणाल तर अजिबात नाही.

राणीच्या बागेपासून सुरू करू. भायखळ्याची ही बाग १८६२ पासून मुंबईकरांची आहे. २०१७ साली पालिकेनं तिचं प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून थेट पन्नासवर नेलं. कुटुंबासाठी मात्र सवलत ठेवली: आईवडील आणि दोन लहान मुलं मिळून शंभर रुपये. शंभरात चार माणसं, पेंग्विन, पाणघोडे आणि दिवसभराची सावली. आता नामांकित साखळीतल्या एका मोठ्या कॉफीचा दर आठवा. चौघांच्या तिकिटापेक्षा तो एकटा कप महाग.

ज्या बापानं शंभराचा हिशेब करून पोरांना आणलंय, त्याच्याच पोरानं त्या झगझगीत काचेसमोर हट्ट धरून बसावं, ही सोय नेमकी कोणाची?

साखळी कंपन्यांशी आपलं वैर नाही. स्टारबक्सनं भारतातलं पहिलं दुकान उघडलं ते मुंबईतच, ऑक्टोबर २०१२ मध्ये, फोर्टातल्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे हॉर्निमन सर्कलची बाग. दुपारी बागेत कचेऱ्यांतली माणसं डबा उघडतात, सामान पोचवणारी पोरं झाडाखाली पाठ टेकतात. इमारतीत लॅपटॉपवाले बसतात. ज्याला जिथे परवडतं तिथे तो जातो, कुणाची तक्रार नाही. दोघांच्या मध्ये फक्त एक रस्ता आहे.

तो रस्ता राहू द्या. एवढंच मागणं आहे.

कारण रस्त्याच्या त्या बाजूला धंदा बाजारातल्या भाड्यावर उभा असतो. बागेत शिरला की जमीन लोकांची, झाडं लोकांच्या करातून वाढलेली आणि गर्दी आयती. गिऱ्हाईक शोधायलाही जावं लागत नाही. ते मुलाला घसरगुंडीवर सोडून बाकावर बसलेलंच असतं. एवढं सगळं हाती आल्यावर फायदा व्हायला कर्तबगारी लागते का?

‘पण पालिकेला उत्पन्न मिळतं ना!’

मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं. त्यात बागेतल्या एका दुकानाचं भाडं कितव्या पानावर सापडेल? देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका चार झाडांखालची जागा भाड्यानं देऊन तिजोरी भरते, यावर विश्वास ठेवायचा असेल त्यानं ठेवावा.

छोट्या नगरपालिकांचं दुखणं वेगळं आहे. तिथे कारंजं बंद, माळी एक आणि बागा चार, अशी अवस्था असते. भाड्याचा मोह समजू शकतो. पण ते भाडं जमा कुठे होतं? सामान्य निधीत. तिथून पुन्हा त्याच बागेत यायची वाट त्याला कुणी दाखवत नाही. माळी एकच राहतो, बागेचा कोपरा मात्र जातो.

आता निविदेकडे येऊ. सगळं राजकारण तिथे आहे आणि तिथेच कुणी बघत नाही.

अटी वाचून पाहा. मागच्या तीन वर्षांची उलाढाल अमुक कोटी हवी. अशाच कामाचा पूर्वानुभव हवा. बयाणा रक्कम एवढी, सुरक्षा अनामत तेवढी. एका बागेसाठी अर्ज चालणार नाही, साऱ्या बागांचा मक्ता एकत्र. बागेच्या दारात तीस वर्षं भेळ कालवणाऱ्याकडे अनुभव असतो, अनुभवाचं प्रमाणपत्र नसतं. त्याची उलाढाल गल्ल्यात असते, ताळेबंदात नसते. तो अर्ज घ्यायलाही जात नाही, आणि अधिकारी सांगतात की स्थानिकांकडून प्रतिसादच आला नाही.

निविदा सर्वांना खुली आहे, हे खरंच आहे. दार सताड उघडं, उंबरठा तेवढा छातीएवढा.

बागेत कोण येणार हे लिफाफे उघडताना ठरत नाही. अटींचा मसुदा लिहिताना ठरतं. तो मसुदा कोण लिहितं, कुणाला दाखवून लिहितं, बागेत रोज येणाऱ्या एका तरी माणसाला विचारून लिहितं का?

लंडननं हा अनुभव घेतला. हॅम्पस्टेड हीथ हे तिथलं मोठं मोकळं रान. त्यातल्या पार्लमेंट हिलजवळचा साधा कॅफे एक कुटुंब १९८० च्या दशकापासून चालवत होतं. २०१६ मध्ये सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशननं तो बेनुगो या साखळीला द्यायचं ठरवलं. लोक खवळले. हजारोंनी सह्या केल्या, सभा भरवल्या. शेवटी बेनुगोनं माघार घेतली आणि त्या वेळी कुटुंब राहिलं.

माघार कुणी घेतली, ते पुन्हा वाचा. कंपनीनं. लोकांच्या मनात काय आहे ते नफ्यासाठी बसलेल्यांना आधी कळलं. ज्यांना लोकांसाठी बसवलंय ते शेवटपर्यंत नियमावर बोट ठेवून होते.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे, तेही मांडायला हवं. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर पार्क एके काळी पार रया गेलेलं. ते सावरायच्या खटाटोपात डॅनी मायर या उपाहारगृहचालकानं २००१ मध्ये तिथे हॉटडॉगचा एक गाडा लावला. लोकांनी रांगा लावल्या. २००४ मध्ये गाड्याच्या जागी पक्कं छोटं दुकान आलं. त्याचं नाव शेक शॅक. जानेवारी २०१५ मध्ये तीच कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली आणि आज तिची दुकानं जगभर आहेत.

साखळीचे वकील हा दाखला हमखास देतील. द्यावा, पण पूर्ण द्यावा. तिथे तयार साखळी बागेत आणून बसवली नव्हती. बागेसाठी लावलेल्या एका गाड्यातून साखळी निघाली. आणि तो गाडा लावणाऱ्याची स्वतःची उपाहारगृहं त्याच बागेसमोर होती. बाग उजाड राहिली असती तर त्यालाही झळ बसली असती. दूरच्या मुख्यालयातून आलेल्या ठेकेदाराला बागेचं गवत वाळलं तर काय फरक पडतो?

आपल्याकडे बागेबाहेरच्या एखाद्या गाड्याला अशी जागा मिळाली असती, तर त्याचं काय झालं असतं? कळायला मार्ग नाही. तो गाडा अतिक्रमण विभागाच्या ट्रकमध्ये असतो.

पथविक्रेत्यांसाठी संसदेनं २०१४ मध्ये कायदा केला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या, नगर पथविक्रेता समिती नेमा, तिच्यात चाळीस टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले असू द्या, असं तो सांगतो. मुंबईत त्याच वर्षी पाहणी झाली, सुमारे एक लाख अर्ज आले. समितीवरच्या प्रतिनिधींसाठी मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला, आणि मतदार म्हणून पात्र ठरले बत्तीस हजारांच्या आसपास.

दहा वर्षं. एवढ्या काळात कुठल्या कंपनीचा अर्ज टेबलावर पडून राहिल्याचं ऐकलंय?

‘पण स्वच्छता?’ हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. मुलांना कावीळ व्हावी असं कोणत्याही आईला वाटत नाही. मात्र स्वच्छता फक्त ब्रँडकडेच असते हे कुणी ठरवलं? वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्याला अन्नसुरक्षेची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत मिळते. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाऊगाड्यांना २०१८ मध्ये देशातलं पहिलं ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’ प्रमाणपत्र मिळालं. गाडेवाले हटवून तिथे साखळी आणली नव्हती. त्याच गाडेवाल्यांना शिकवलं, तपासलं, पाणी आणि कचऱ्याची व्यवस्था दिली.

स्वच्छ नळ, सांडपाण्याचा निचरा, कचऱ्याचा डबा, वेळेवर तपासणी. हे सगळं पुरवायचं कोणी? पालिकेनं. ते पुरवायचं नाही आणि मग भेळवाला घाण करतो म्हणून कंपनी बोलवायची, याला कारभार म्हणत नाहीत.

आणि कागदी कप, त्यावरचं प्लास्टिकचं झाकण, ढवळायची काडी, सॉसच्या पुड्या, पिशवीत पिशवी? एवढा पसारा भेळेच्या एका द्रोणानं कधी केला होता?

डब्याचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. काही बागांत घरचं खाणं न्यायला आधीच बंदी आहे. कारण सांगतात कचऱ्याचं. ठीक. मग त्याच बागेत खाण्याचं दुकान कसं काढता? पैसे मोजून घेतलेल्या सँडविचचा कचरा होत नाही आणि आईनं बांधून दिलेल्या पोळीभाजीचा होतो?

चित्रपटगृहाचं उदाहरण इथे कुणी देईल म्हणून सांगून ठेवतो. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की चित्रपटगृहाचा मालक बाहेरचं खाणं अडवू शकतो. का? तर ती खासगी मालमत्ता आहे. आणि तिथेही पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यावंच लागेल. आता बागेचा मालक कोण, हे सात-बारा न काढता सांगता येईल ना?

मग मालकाचाच डबा दारात कोण तपासतो?

बाग हातची जाणं एका दिवसात होत नाही, हेही ध्यानात घ्या. आधी फक्त एक खिडकी येते. मग तिच्यासमोर चार टेबलं. पाऊस आहे म्हणून छत्री. छत्री उडते म्हणून पक्कं छप्पर. मग कुंड्यांची रांग, कुंड्यांमधून दोरी, दोरीपाशी रखवालदार. ‘या खुर्च्या फक्त ग्राहकांसाठी’ अशी पाटी लागते. काही महिन्यांनी वाढदिवसाच्या पार्टीसाठी तो कोपरा संध्याकाळी राखीव होतो. एवढं झाल्यावर बाकावरचे आजोबा उठून दुसऱ्या बाकावर जातात. त्यांना कुणी ‘उठा’ म्हणालेलं नसतं. स्पीकरवरच्या गाण्यांनी उठवलेलं असतं.

कागदोपत्री बाग तेवढीच असते. नकाशात एक इंच कमी झालेली नसते.

मुंबईला हा रस्ता ठाऊक आहे. मोकळी मैदानं सांभाळायला संस्थांना दिली, त्यांतल्या काहींवर क्लब उभे राहिले, सभासदत्व आलं, फाटक आलं. जानेवारी २०१६ मध्ये मोकळ्या जागांचं नवं धोरण पुढे आलं, तेव्हा लोकांनी एवढा आवाज केला की मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. सांभाळायला दिलेली जागा परत घ्यायला किती घाम गाळावा लागतो, हे त्या वेळी लढलेल्यांना विचारा.

काही विकत न घेता तासभर बसता येईल अशा जागा या शहरात उरल्यात किती? फलाटावर तिकीट लागतं. मॉलमध्ये रखवालदार चपलेकडे बघतो. हॉटेलात चहा संपला की पोऱ्या टेबल पुसायला लागतो. उरतो समुद्राचा कट्टा, देवळाचं आवार आणि बाग. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती. अशा घरांतल्या मुलांनी परीक्षेचा अभ्यास, म्हाताऱ्यांनी लांबलचक दुपार आणि नव्या जोडप्यांनी मनातलं बोलणं बागेत नाही तर कुठे उरकलं? त्यांच्याकडे कुणी बिल मागितलं नाही, म्हणून ते तिथे होते.

खिशात दहा रुपये असलेला आणि दहा हजार असलेला एकाच बाकावर बसतो, अशी जागा आणखी कुठे दाखवता?

तर मग बागेत खायला काहीच नको का? हवं की. पोरं खेळून दमतात, भुकेजतात. सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना दारात कारल्याचा नाहीतर गव्हांकुराचा रस लागतो. संध्याकाळी भाजलेलं कणीस, खारे शेंगदाणे, सुकी भेळ. बागेच्या संध्याकाळला हा वास हवाच. प्रश्न एवढाच की हे विकणारा कोण आणि दर ठरवणार कोण.

दर सरकारला ठरवता येत नाही, असं कुणी म्हणेल, तर त्याला कोलकाता विमानतळ दाखवा. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. चहा दहा रुपये, पाण्याची बाटली दहा रुपये, सामोसा वीस रुपये. विमानतळावरच्या अव्वाच्या सव्वा दरांवर संसदेत आवाज उठला आणि सरकार हललं. चांगलं झालं.

विमानात बसणाऱ्याला दहा रुपयांत चहा मिळावा म्हणून सरकार हलतं. बाकावर बसणाऱ्यासाठी कोण हलणार?

आपल्या बाजूचीही एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे बोलणं अर्धवट राहील. ‘स्थानिकांना द्या’ म्हटलं की स्थानिकच येतो असं नाही. कागदावर महिला बचत गट, गल्ल्यावर माजी नगरसेवकाचा भाचा. परवाना एकाचा, गाडी दुसऱ्याची, राबणारा तिसराच आणि हप्ता चौथ्याला. पोटभाड्यानं चालणारी अशी टपरी साखळीपेक्षा बरी, असं मला वाटत नाही. ती भेसळही करते आणि जाब विचारला तर दादागिरीही करते. साखळीच्या दुकानात निदान तक्रारीला फोन नंबर असतो.

पण यावर इलाज कंपनी नाही. परवान्यावर फोटो लावा, गल्ल्यावर तोच चेहरा दिसला पाहिजे हे तपासा, पोटभाडं सापडलं की परवाना रद्द. याला मोठं धोरण लागत नाही, वॉर्डातला एक जागरूक अधिकारी लागतो.

बागेतली जागा मोठ्या मक्त्यात न देता एकेका गाड्याची द्या. उलाढालीची अट काढा. अनामत एवढी ठेवा की भेळवाल्याला ती सावकाराकडे न जाता भरता येईल. चहा, पाणी आणि एक पोटभरीचा पदार्थ ठरावीक दरात विकणं बंधनकारक करा, आणि तो दर दारावर मोठ्या अक्षरांत लावा. खुर्च्या मांडायला परवानगी नको. बाक आहेत, गवत आहे. भाडं येईल ते त्याच बागेच्या खात्यात, आणि वर्षाअखेरीस त्यातून काय केलं हे बागेतल्याच फलकावर. ज्या गावाला हे करूनही पैसा पुरत नाही, त्यानं राज्य सरकारकडे हक्कानं मागावा. बागेचा कोपरा विकून माळी ठेवायची वेळ एखाद्या गावावर येणं ही त्या गावाची चूक नाही.

आणि साखळी कंपन्यांना खरोखरच बागेचं प्रेम असेल, तर कुंपणाबाहेर भरपूर दुकानगाळे आहेत. तिथून त्यांना बाग दिसतेही छान. सामाजिक जबाबदारीचा निधी खर्च करायला जागा हवी असेल, तर बागेतली स्वच्छतागृहं आहेत. किती कंपन्या त्यासाठी रांग लावतात, ते बघू या.

तुमच्या वॉर्डातल्या बागेसाठी अशी निविदा निघाली असेल किंवा निघायच्या बेतात असेल. वॉर्ड कार्यालयात जाऊन तिचा मसुदा मागा. मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचं काम आहे. उलाढालीची अट वाचा, डब्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, खुर्च्यांसाठी किती चौरस फूट दिलेत ते वाचा. हरकती सही करून, पोच घेऊन नोंदवा. आणि येताना बागेतला पिण्याच्या पाण्याचा नळ उघडून पाहा. तो कोरडा असेल, तर पहिला अर्ज त्याचाच करा. तो वाहू लागला की आत वीस रुपयांची बाटली विकायला येणाऱ्याचं गणित निम्मं तिथेच कोसळतं.